पाद्रीबाबांची दुसरी बायको

मी मूळची अमरावतीची, वडील शाळेत शिपाई, आम्ही दोघी बहिणी, मोठी मंदा आणि मी शोभा, आणि मी नोकरी केली ती रजिस्ट्री ऑफिसात, नकला करायची, म्हणजे जुने दस्त वाचायचे आणि सुवाच्य लिहून काढायचे, बत्तीस वर्षं तेच केलं, म्हणून अक्षर कसंही असो, मला लागतं. आता इकडे न्यू जर्सीत पिस्कॅटवेला मुलीकडे आहे. मुलगी म्हटलं ना मी, गोंधळ तिथेच आहे, तो सांगते.

मंदा गेली तेव्हा तिची पल्लवी अडीच वर्षांची होती. अकरा महिन्यांत मोठ्यांनी बसून ठरवलं, पोरीला परकी बाई नको, शोभालाच द्या. मला कोणी विचारलं नाही आणि मी नाही म्हटलं नाही. भाऊजींशीच लग्न झालं, आणि काय सांगू तुम्हाला, पुढे सहा महिने तोंडातून भाऊजीच निघायचं, चहा घ्या भाऊजी, की सासूबाई डोळे वटारायच्या. पल्लवी मला मावशी म्हणायची, ती मावशीच म्हणत राहिली. मला दुसरं मूल झालं नाही. डबा, गोवर, बारावी, इंजिनिअरिंग, सगळं मी केलं, हाक मात्र मावशीच. मग भाऊजी गेले, बघा, अजून निघतं तोंडातून, आणि ती मला इकडे घेऊन आली.

गेल्या हिवाळ्यात ती माझ्या ग्रीन कार्डचा फॉर्म भरून राहिली होती, म्हणाली मावशी, इथे स्टेपमदर टाकावं लागेल, लीगल आहे, तू मनावर नको घेऊ. मी म्हटलं टाक. स्टेपमदर म्हणजे सावत्र आई, एवढं इंग्रजी येतं मला. पण त्या दिवसापासून डोक्यात एकच, ही मला आई समजते की नाही, विचारावं तर कसं, आणि समजा विचारलं आणि ती गप्प बसली तर.

त्यात हे पाद्रीबाबा आले. इथल्या एका चर्चमध्ये इंग्रजी बोलायचा क्लास असतो, शिकवणाऱ्या एलनबाई, ऐंशीच्या पुढच्या, त्या आपल्या चर्चच्या पहिल्या पाद्र्याचं प्रदर्शन मांडून राहिल्या होत्या. दीडशे वर्षांपूर्वीचे रेव्हरंड व्हिटकम, आणि पेटीभर त्यांची पत्रं, सगळी जोडून लिहिलेल्या अक्षरात. माझी नात म्हणे आजी, आय कान्ट रीड दॅट, हिला शाळेत ते अक्षर कोणी शिकवलंच नाही, आणि आम्ही पाचवीपासून चार रेघी वहीत तेच घोटलेलं. एलनबाईंची नजर अधू, मग दर गुरुवारी मी वाचायची आणि त्या लिहून घ्यायच्या.

मला आधी हेच कळेना की पाद्र्याला बायको कशी, मला वाटायचं पाद्री सगळे ब्रह्मचारी. एलनबाई म्हणाल्या ते वेगळे, आम्ही एपिस्कोपल, आमचे पाद्री लग्न करतात. बरं बाप्पा. तर बायको सुसान, मुलं पाच, पाद्रीबाबा घोड्यावरून तीन गावांची चर्चं सांभाळायचे, थंडीने पाय सुजायचे, लोक बटाटे आणून द्यायचे. सुसान पाचव्या बाळंतपणात गेली. पुढच्या पत्रांत एक आंट लिडी येते, पूर्ण नाव लिडिया, मुलांचे पायमोजे विणणारी, पोरं मोठी होऊन कॉलेजातून लिहितात तेही तिलाच. आणि चर्चच्या वहीत एक दुसऱ्या मिसेस व्हिटकम, नाव नाही. एलनबाईंनी वंशावळीच्या तक्त्यावर आंट लिडीला पाद्रीबाबांची अविवाहित बहीण म्हणून कडेला टाकलं होतं आणि दुसऱ्या बायकोच्या चौकोनात प्रश्नचिन्ह.

एक पत्र मात्र त्यांनी लाजेने बाजूला ठेवलेलं, त्यात पाद्रीबाबा आपल्या वरच्या बिशपना कळवतात की माझी सिस्टर लिडिया आणि मी, आमचं लग्न झालं. एलनबाई म्हणाल्या शोभा, पाद्र्याने बहिणीशी लग्न केलं हे मी भिंतीवर लावू कशी. मीही चक्रावले, पुन्हा वाचलं, आणि हसायलाच लागले. अहो मेहुणी, म्हटलं, मेहुणी, वाइफ्स सिस्टर! बायकोच्या बहिणीलाही हे बहीणच लिहितात. पोरांची ती मावशी आणि यांची ती दुसरी बायको, बाई एकच. बिशपना ते लग्न पटलं नाही, अर्धं गाव वर्षभर चर्चला फिरकलं नाही, तेही पत्रांत सापडलं मग. एलनबाई म्हणाल्या तुला कसं कळलं, मी म्हटलं, आय आल्सो लिडी.

प्रदर्शनाच्या दिवशी पल्लवी आली होती. मोठ्या मुलाचं एक पत्र काचेत लावलेलं, वर डिअर आंट आणि खाली युअर लव्हिंग सन. पल्लवी तिथे उभीच राहिली, किती वेळ. नंतर आम्ही खुर्च्या आवरून राहिलो होतो, माझ्याने राहवलं नाही, म्हटलं तू मला कधी आई काहून नाही म्हटलंस. ती म्हणाली तूच म्हणू दिलं नाहीस. मी तुला आई म्हटलं होतं एकदा, चार वर्षांची असेन, तू कणीक मळत होतीस, तशाच हातांनी मला उचलून फोटोपुढे नेलंस आणि म्हणालीस आई ही आहे, मी मावशी. मी इतकी घाबरले मावशी, परत नाही म्हटलं.

मला आठवत नाही. खरं सांगते, काहीच आठवत नाही. मंदाचं नाव पुसू नये म्हणून म्हटलं असेन. तेव्हापासून मी त्या हाकेची वाट बघून राहिले आणि नको म्हणणारी मीच, असं कसं झालं? रडू आलं, राग पण आला, कोणाचा ते कळेना.

आता कार्ड यायचं तेव्हा येईल, फॉर्मवर स्टेपमदर आहे तर असू दे, माझी पोर सुखात राहो, दुसरं काही मागणं नाही. परवा आम्ही दोघीच किराणा आणायला गेलो होतो, सामान ठेवून गाडीत बसलो, तर ती समोर बघतच म्हणाली, आई, सीटबेल्ट लाव. मी मागे वळून बघितलं, ही कोणाला म्हणून राहिली. मागे तांदळाचं पोतं होतं.