रिकामा मिक्सर

मी, मिक्सरवाल्याची आई (गल्लीत याच नावाने ओळखतात), वय बासष्ट, काम घरचेच, राहणार मुलाच्या दुरुस्तीच्या दुकानावरचा मजला, समक्ष हजर राहून सांगते की,

घरात मी, मुलगा व सून असे राहतो. सून औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. मुलगा मनाने चांगला आहे. तिला गिऱ्हाइकांसमोर उभे राहावे लागते म्हणून तोंडावर कधी मारत नाही.

त्याचा आवाज चढला की मी मिक्सर लावते. भांड्यात काही नसते. घरातले घरात राहावे, झाकली मूठ बरी, एवढाच हेतू. रिकामा फिरवला की मोटर जळते. मुलगा नवी बसवतो.

काल दुपारी सून स्टुलावरून पडली, असे सांगायला मुलाने मला इथे आणले आहे. वाटेत तो म्हणाला, "आई, कायदा कडक झालाय. पूर्वी समज देऊन सोडायचे. आता हाड मोडलं की पहिल्याच खेपेला तुरुंग. तू फक्त स्टूल म्हण." एवढ्या-तेवढ्यासाठी तुरुंग म्हणजे फारच झाले, असे मलाही वाटले.

आमच्या घरात स्टूल नाही. दुकानात आहे, पण त्यावर मुलगा बसतो.

काल भाजी गार होती म्हणून त्याने लोखंडी पाना तिच्या मनगटावर मारला. मी समोर होते. मी बटण दाबले, पण वीज गेली होती. त्यामुळे शेजारणीला ऐकू गेले व तिने तुम्हाला फोन केला. वीजवाल्यांनी आधी कळवले असते तर हे प्रकरण इथवर आलेच नसते.

आज सकाळी सुनेला दवाखान्यात भेटले. हात प्लास्टरमध्ये होता. तिने एवढेच विचारले, "आई, वीज आली का हो?" मी आली म्हटले. ती म्हणाली, "मग मी घरी येत नाही." मला फार लाज वाटली. म्हणून स्टूल लिहू नये.

मुलगा बाहेर बाकावर बसला आहे. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून हवालदारसाहेबांनी हा जबाब मला हळू आवाजात वाचून दाखवला. मी तो पुन्हा, मोठ्याने वाचायला लावला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर आहे.