आवाजाचं पान आलं की हे खोकतात

नाही, तुम्हीच सांगा, देवाकडे एकाच वेळी दोन उलटसुलट गोष्टी मागणारी बाई तुम्ही कुठे पाहिली आहे का? नसेल तर पाहून घ्या, ही बसलीय तुमच्यापुढे! आणि वर भरल्या सभागृहात, माईक चालू असताना, स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध उभी राहिलेली... तीही मीच. आता मी तोंड कुठे लपवू?

तुम्हाला सांगते, आमचे हे वीजकंपनीत आहेत, नवं वीजकेंद्र उभं करण्याच्या खात्यात. आमची धाकटी पालथी पडायला लागली तेव्हापासून यांचं ते गॅसवर चालणारं केंद्र 'उभं राहतंय', आता धाकटी स्वतःची वेणी स्वतः घालते, आणि केंद्र अजून पालथंसुद्धा पडलेलं नाही! मला आपलं वाटायचं, त्यात काय एवढं, जागा घ्यायची, यंत्र ठेवायचं, बटण दाबायचं. कसलं काय हो! आधी जागा, मग जमिनीखालून गॅस आणायची वाहिनी, मग तो गॅस वर्षानुवर्षं देईन असा शब्द देणारं कुणीतरी, मग यंत्र थंड करायला पाणी, मग झालेली वीज न्यायला तारा, तारांना मनोरे, आणि एवढं सगळं जमून आलं की जागेचा मालक सकाळी फोन करून म्हणणार, 'साहेब, जरा विचार बदललाय.'

मी शिकलेली बेताचीच. मला जमतं ते मी करत गेले. जागेसाठी चहातली साखर सोडली, जागा मिळाली! गॅसचा करार अडला, मी गादी सोडून चटईवर आले, करार झाला! पाण्याच्या परवानगीसाठी रात्रीचं जेवण अळणी केलं... हे म्हणतात, 'अगं, करार वकिलांनी केलाय, तुझ्या चटईने नाही!' मी म्हटलं, 'आणि वकिलांना बुद्धी कुणी दिली?' हे डबा उचलून निघाले. सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नाहीत. म्हणाल्या, 'सूनबाई, आता या घरात सोडण्यासारखं नवऱ्याखेरीज काही उरलेलं नाही हो.'

शेवटी राहिली जनसुनावणी. म्हणजे काय, तर केंद्राच्या शेजारपाजारच्या माणसांना बोलवायचं, सगळं समजावून द्यायचं, आणि त्यांच्या हरकती अध्यक्षांनी ऐकायच्या. यांची तालीम आमच्या स्वयंपाकघरात! मी पोळपाट घेऊन, हे कागद घेऊन. 'गॅस जाळून एक यंत्र फिरेल, आणि त्याचीच धग वाया न घालवता वाफ करून दुसरं फिरेल.' मी म्हटलं, 'म्हणजे खालच्या भांड्याच्या वाफेवर वरचं भांडं शिजवायचं.' 'तेच ते!' धुराचं पान खणखणीत, पाण्याचं पान खणखणीत, आणि मग आवाजाचं पान... 'पाणी थंड करायचे पंखे पूर्वेच्या कुंपणालगत, तिथे विरळ वस्ती असल्यामुळे आवाज, खूं... खूं खूं... मर्यादेत राहील.' रोज! त्याच ओळीला! मी बिचारी गरम पाण्यात मध कालवून उभी. मला काय ठाऊक, खोकला घशातला नव्हता, मनातला होता ते.

आता दुसरी बाजू ऐका. मी जाते शिवणाच्या वर्गाला. शिवणबाई म्हणजे सोन्यासारखं माणूस, घरातच वर्ग चालवतात, अरुंद गल्ली, दारात मशीन, मशीनपाशी नातवाचा पाळणा. आम्हा बायकांत एक रीत आहे, एकीचं मागणं मोठं असलं की बाकीच्यांनी ते 'बरोबर धरायचं', म्हणजे तिच्यासाठी आपणही काहीतरी सोडायचं. आणि मागणं काय ते विचारायचं नाही! विचारलं की त्यातलं बळ जातं. तर एक दिवस शिवणबाईंचे डोळे भरलेले. 'वहिनी, माझं एक मागणं आहे. बरोबर धराल? आणि वेळ येईल तेव्हा माझ्या बाजूने उभ्या राहाल?' 'अहो, हे काय विचारणं झालं!' मी देवासमोर हात जोडून शब्द दिला आणि फळं सोडली. मला वाटलं, त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरत असेल, मुलीच्या बाजूने उभं राहायचं असेल! मी तर कुठली साडी नेसायची तेही ठरवून ठेवलं होतं हो!

यांच्या नकाशावरची 'विरळ वस्ती' म्हणजे तीच गल्ली, हे मला कसं कळावं? नकाशावर मशीन काढत नाहीत. पाळणाही काढत नाहीत.

सुनावणीच्या दिवशी मी तीच साडी नेसून पहिल्या रांगेत. शेजारी यांच्या साहेबांची बायको. मंचावर पुठ्ठ्याचं केंद्र, स्पंजची हिरवी झाडं, हे काय बोलले म्हणता... मला भरून आलं! साहेबांच्या बायकोने माझा हात दाबला, 'मिस्टर छान बोलतात हं तुमचे.' आणि तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज, 'अध्यक्षसाहेब, ते पंखे माझ्या भिंतीला लागून येणार. दिवसा आम्ही मशीनवर, रात्री लेकरं निजवायची. हे केंद्र इथे नको, एवढंच माझं मागणं आहे. आणि ते माझं एकटीचं नाही.'

मागणं! म्हणजे मी बरोबर धरलं होतं ते हे! मागे खुर्च्या वाजू लागल्या, एक उठली, दुसरी उठली, वर्गातल्या सगळ्या उठल्या... आणि शिवणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो, विश्वासाने! इकडे मंचावर माझा नवरा, तिकडे देवासमोर दिलेला शब्द, आणि मध्ये मी... उठले. साहेबांची बायको हळूच म्हणते, 'बाथरूम बाहेर उजवीकडे आहे हं.'

अध्यक्ष म्हणाले, 'बाई, आपण कोण?' मी म्हटलं, 'मी... यांची,' आणि बोट केलं मंचाकडे. सभागृह जे हसलं! यांच्या हातातली काठी स्पंजच्या झाडात रुतलेली. 'आणि आपली हरकत?' माझी कसली हरकत? मी याच केंद्रापायी अळणी जेवतेय! पण तोंड उघडलं आणि निघून गेलं, 'हरकत नाही हो साहेब, केंद्र फार गुणाचं आहे, एकाच गॅसवर दोनदा वीज करतं... फक्त आवाजाचं पान आलं की हे खोकतात. बाकी कुठल्याच पानाला खोकत नाहीत.'

अध्यक्षांनी चष्मा वर केला, 'ते पान पुन्हा वाचा.' यांनी वाचलं. आणि... काय सांगू... खोकले! आता सांगा, मी तोंड कुठे लपवू?

'पश्चिमेला काय आहे?' 'खडीची खाण.' 'मग पंखे तिकडे का नाहीत?' हे मान खाली घालून म्हणाले, 'अर्धा नकाशा फिरवावा लागेल साहेब. उशीर होईल.' 'होऊ दे. फिरवून आणा, मग पाहू.'

तेव्हापासून घरात अबोला. मी विचारते, 'भाजी वाढू?' हे सासूबाईंना सांगतात, 'तिला म्हणावं, वाढ.' सासूबाई म्हणतात, 'मी म्हटलं होतं, नवराच तेवढा उरलाय सोडायला!'

आणि कहर पुढेच आहे. मी शिवणबाईंकडे गेले, म्हटलं, सगळं खरं खरं सांगून मोकळं व्हावं. तर त्यांनी मला मिठीच मारली! 'वहिनी, केवढं केलंत आमच्यासाठी! आता तुमचं मागणं आम्ही बरोबर धरणार.' मी म्हटलं, 'अहो, पण माझं मागणं म्हणजे...' सगळ्या ओरडल्या, 'श्श! सांगू नका, बळ जाईल!' त्यांना वाटतंय, घरातला अबोला सुटावा एवढंच माझं मागणं. एकीने साखर सोडली, एकीने मीठ, शिवणबाईंनी तर साखरेबरोबर झोपायची गादीही सोडली, त्या वयात! कशासाठी? तर यांचा फिरवलेला नकाशा मंजूर होऊन केंद्र उभं राहावं म्हणून... त्यांच्याच गल्लीपलीकडे!

देवाची करणी बघा, काल हे स्वयंपाकघरात नवं पान वाचत होते, पाठ माझ्याकडे, पण आवाज मला ऐकू येईल एवढा. पंखे पश्चिमेला, आवाजाची ओळ आली... आणि खोकला नाही! मला वाटतं होईल, सगळं नीट होईल, गल्लीचंही, यांचंही.

आजच वर्गात शिवणबाईंनी बिनसाखरेच्या चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मायेने विचारलं, 'फळतंय ना हो वहिनी, मागणं?'

मी म्हटलं, 'हो हो, फळतंय की...' आणि मलाच खोकला आला.