राजवाड्याचा जावई आमच्या मोरीत

बाळाच्या लसीसाठी मी रांगेत बसले होते. मागच्या बाकावर नणंद-भावजया बोलत होत्या.

“वहिनी, तुमच्या बिल्डरनं राजकन्येशी लग्न केलं म्हणे! आता कसला येतोय तो घराचा ताबा द्यायला?”

“मलाही तीच धास्ती होती गं. सुनेचे दिवस भरत आलेत. एका खोलीत बाळंतीण ठेवू कुठे? पण काल आला की!”

“स्वतः?”

“स्वतः. मागे अंगरक्षक. पँट दुमडून मोरीत बादलीभर पाणी ओतलं. किल्ली देण्याआधी प्रत्येक घरात ओततो, उतार बघायला.”

“मग?”

“कोपऱ्यात साचलं. म्हणाला, ‘मावशी, फरशी उखडून नवी बसवतो. आठवडाभर थांबाल?’”

“म्हणजे लांबलंच!”

“मी म्हटलं, राहू दे बाबा, पुसून घेईन. तर म्हणतो, ‘आणि बाळंतीण घसरली तर?’”

“अगबाई! राजकन्या नव्हती सोबत?”

“होती ना, नळाखाली दुसरी बादली धरून! म्हणाली, ‘सासुरवाडीला आल्या आल्या यानं राजवाड्याच्या मोऱ्या तपासल्या. एकही पास झाली नाही.’”

“मग थांबणार तुम्ही?”

“थांबणार. सुनेलाही सांगितलंय, बाई, तूही जरा दमानं घे.”