पक्षाने सोडलेले यूसुफचाचा

सकीना, आणि कामाचा दिवस असूनही यूसुफचाचांच्या शोकसभेला इथे दुबईत, करामापर्यंत आलेल्या सगळ्यांनो,

मला बोलायला सांगितलंय. काय बोलू? गोड बोलायला गेले तर खोटं वाटतं, आणि खरं बोलायला गेले तर राग येतो. मी खरंच बोलते. चाचांना गोड बोलणं चालायचं नाही.

तुमच्यातले पुष्कळ जण त्यांना शारजात अल मजाजच्या आमच्या बिल्डिंगमधले म्हातारे अंकल म्हणूनच ओळखतात. मीही तसंच ओळखायचे. एकदा लिफ्टमध्ये मी आईशी फोनवर बोलत होते. मागून आवाज आला, "रत्नागिरीची काय गो तू?" म्हटलं, "नाही, पुण्याची. तुम्ही?" म्हणाले, "केपटाऊनचा."

त्यांचे आजोबा रत्नागिरीहून बोटीने दक्षिण आफ्रिकेत गेलेले. घरात भाषा मात्र आपलीच राहिली.

तिथे तेव्हा गोऱ्यांचं राज्य होतं. चाचांना पार्लमेंटसाठी मत नव्हतं. पण गोऱ्यांमध्येच एक छोटा विरोधी पक्ष होता. उदारमतवादी. हे चुकीचं आहे असं उघड म्हणणारा, सगळ्या रंगांची माणसं घेणारा. विशीतले चाचा त्यात गेले. ज्या उमेदवाराला स्वतः मत देऊ शकत नव्हते, त्याची पोस्टरं त्यांनी खांबावर चढून लावली. मतदारांना गाडीतून केंद्रावर नेलं आणि स्वतः बाहेर थांबले.

शाखेच्या प्रमुख मार्गारेटबाई. बैठका त्यांच्या घरी. चाचांसाठी त्या हलाल मटण शोधून आणायच्या, आपल्या शेजारी जेवायला बसवायच्या. बाई चांगल्या होत्या. हे चाचांनीच मला सांगितलं, दर वेळी सांगितलं.

मग सरकारने कायदा केला. वेगवेगळ्या रंगांची माणसं एका पक्षात नकोत. दुसऱ्या एका पक्षाने सरळ स्वतःला बरखास्त केलं. चाचांच्या पक्षाने? बैठक घेतली. कायदा पाळून, फक्त गोरे ठेवून पक्ष जिवंत ठेवायचा, कोण तयार आहे? बाईंनी हात वर केला. चाचांकडे न बघता.

नंतर दारापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "यूसुफ, आम्ही पार्लमेंटमध्ये राहतोय ते तुझ्यासाठीच."

चाचांनी विचारलं, "आणि मी कुठे राहू?"

पुढे सरकारने चाचांची वस्तीच गोऱ्यांसाठी राखीव केली. घर रिकामं करा, म्हणाले. पक्षाने त्याविरुद्ध पार्लमेंटमध्ये भाषण केलं. उत्तम भाषण, पेपरात छापून आलं. आणि सरकारने घर पाडलं. त्या धक्क्यातून चाचांचे वडील उठलेच नाहीत. चाचा नोकरी शोधत आखातात आले, ते इथलेच झाले.

माझ्या मुलीने हे ऐकून विचारलं होतं, "बट आजोबा, दे वेअर द गुड गाईज, ना?"

चाचा म्हणाले, "हो बेटा, गुड होते. म्हणून तर जास्त लागलं. वाईट माणसाने बाहेर काढलं तर शिवी देता येते. यांना मी थँक्यू म्हणून निघालो."

थँक्यू! ते थँक्यू त्यांना आयुष्यभर टोचलं.

गेल्या हिवाळ्यात मार्गारेटबाईंचा मुलगा दुबईला आला होता. हॉटेलात जेवण ठेवलं, जुन्या ओळखीची माणसं बोलावली. चाचांना मी घेऊन गेले. तो उभा राहून म्हणाला, इतिहासाने आम्हाला बरोबर ठरवलं. टाळ्या पडल्या. मग चाचांजवळ येऊन म्हणाला, "आई शेवटपर्यंत तुमचं नाव घ्यायची."

चाचा म्हणाले, "मग एकदा फोन का नाही केला?"

तो हसला, खांद्यावर हात ठेवला आणि फोटोग्राफरला बोलावलं. चाचा उठले. मला म्हणाले, "खलास. चल, यल्ला." जेवण तसंच टाकून आम्ही निघालो.

आज सकाळी त्याच मुलाचा मेसेज आलाय. सभेत वाचून दाखवा म्हणतो. त्यात लिहिलंय, "आमच्या पक्षाचे निष्ठावंत सदस्य." सकीनाने मला विचारलं, काय करू? मी म्हटलं, मी वाचणार नाही. तीही म्हणाली, नको वाचूस.

सदस्य? कुठल्या तोंडाने?

यूसुफ परकार हे सकीनाचे अब्बा होते. आमचे शेजारी होते. आणि जाईपर्यंत रागावलेले होते. त्यांनी माफ केलं नव्हतं. आता ते बोलू शकत नाहीत म्हणून त्यांच्या वतीने कुणी माफ करून टाकू नका.

उभे राहू या. दोन मिनिटं, कृपा करून, त्यांच्याबद्दल कुणी काही चांगलंसुद्धा बोलू नका.