झेवियरचा होकार

नाही गं, बस, बस तू — कुणाची जागा नाही ही. माझा नवरा आत आहे, बोलायला शिकतोय. बावन्न वर्षांचा माणूस, बोलायला शिकवणाऱ्या मॅडमसमोर बसून ‘पाणी’ म्हणायला शिकतोय. आणि तुझा नवरा वरच्या मजल्यावर? काय झालंय, हृदयाला? — हां. तेच. हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतू लागलेत, झडपेवर गाठ धरलीय, तुकडा सुटला तर रक्तातून थेट डोक्यात — असंच सांगितलं ना तुला? आम्हालाही असंच सांगितलं. डॉक्टरांनी बोट हलवून दाखवलं, अशी लोंबतेय म्हणाले.

आम्ही मढचे. झेवियर गोरेगावला सिनेमाचे सेट बांधतो — बांधायचा. सुतार. झडप त्याची लहानपणापासून अधू, पण कुणाला सांगायचा नाही. यंदा ताप यायला लागला. गोळी घेतली की उतरायचा, हा परत कामावर. रात्री गंजी घामाने भिजून जायची, आणि मी म्हणायची, उन्हात राबतोस, दुसरं काय. शेवटी सेटवरच चक्कर येऊन पडला, तेव्हा इथे आणला. सलाईनमधून औषधं सुरू झाली. एक डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं की धोका दिवसागणिक कमी होतो, थांबून बघू. दुसरे, ऑपरेशनवाले, म्हणाले, हेच पहिले दिवस वाईट, गाठ मोठी आहे, काढून टाकू. तुम्ही नवरा-बायको दोघं बोला आणि मला सांगा, म्हणाले. आता मला सांग, त्यांचंच एकमत नाही तिथे मी शिवणकाम करणारी बाई काय ठरवणार? आणि माझा भाऊ रिचर्ड ऑपरेशनच्या टेबलावरच गेलेला. साधं हर्नियाचं ऑपरेशन. त्याच्या चपला मी पिशवीत घालून घरी आणल्या.

तर आम्ही थांबलो. झेवियरच म्हणाला, थांबूया. हो, त्याचंच म्हणणं — सासूबाईंना विचार, दिराला विचार, सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पेज भरवत होते. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून पेज गळायला लागली. मी म्हटलं, नीट गिळ ना. त्याने माझं नाव घ्यायचा प्रयत्न केला असावा — ‘ॲग्नेस’ म्हणायला तोंड उघडलं आणि भलताच आवाज आला. मग उजवा हात लुळा पडला. मी ओरडत धावले. नंतर, थोडा सावरल्यावर, तेच ऑपरेशन झालं बघ. झडप आता छान चालते. सगळे म्हणतात, नशीब. दिराने, ॲश्लीने, माझी पाठ थोपटली — वहिनी, तू काय करणार, त्यानेच नको म्हटलं.

त्याने नको म्हटलं नव्हतं.

म्हणजे — अगं, मी त्याला विचारलं होतं ना. तापात होता, पण शुद्धीवर होता. म्हणाला, ‘करून टाकूया, ॲग्नेस. लोंबतं काही ठेवू नये.’ सुतार ना. असं म्हणाला आणि त्याला डोळा लागला. मी बाहेर आले, तेवढ्यात ते ऑपरेशनवाले डॉक्टर समोरून. विचारलं, मिस्टर काय म्हणतायत? आणि माझ्या तोंडून गेलं — थांबू म्हणतायत. मला रिचर्डच दिसत होता गं. मग झेवियर जागा झाला, त्याने विचारलं, डॉक्टर आलेले का? मी म्हटलं, हो, तेच म्हणाले थांबूया. दोन्हीकडे खोटं. एका दिवसाचा तर प्रश्न, उद्या परत विचारू, असं वाटलेलं.

हे मी फादरनासुद्धा सांगितलेलं नाही. तुला का सांगतेय कोण जाणे.

आणि मागच्या रविवारी ॲश्ली घरी आला. झेवियर खुर्चीत. त्याला बोलता येत नाही, पण कळतं सगळं — अक्षर न् अक्षर कळतं. ॲश्ली सहज म्हणाला, ‘दादा, तू तेव्हा हट्टाने थांबलास, नाहीतर आज कामावर असतास.’ झेवियरने माझ्याकडे बघितलं. त्याच्या नावावर मी काय सांगितलं ते तोपर्यंत त्याला माहीतच नव्हतं, कळलं ना तुला? तिथे बसल्या बसल्या कळलं त्याला. मी हातातली कपबशी धरून उभी. वाटलं, आता मान हलवेल — नाही, नाही म्हणेल. बघत राहिला, बघत राहिला. मग ॲश्लीकडे वळला आणि होकाराची मान हलवली. हो. मीच. — आणि डाव्या हाताने मला बोलावलं, चहा दे म्हणून.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि आत त्या मॅडम सांगतात, प्रगती आहे, बोलेल हळूहळू. मी मेणबत्ती लावते त्याने बोलावं म्हणून, आणि लावताना मनात येतं — पहिलं मला काय म्हणेल?

नाही, मला नको विचारू, ऑपरेशन करू की थांबू म्हणून. थांबून बरे झालेले पण असतील, ऑपरेशन करून गेलेले पण असतील, मला काय माहीत. तू इथे काय करतेस पण? वर जा. तो बोलतोय ना अजून? मग त्याला विचार. आणि तो म्हणेल तेच डॉक्टरांना सांग, तेच, त्याच्याच शब्दांत. ऊठ. जा म्हणते ना.