अखंड नामाची वायर

मंडळी, ऐका! आज एकच विचारतो – देवासाठी केलेल्या गोष्टीनं कुणाचा जीव जाऊ शकतो का? माना हलवू नका! आधी ऐका, मग हलवा!

एका गावात ट्रस्टची अँब्युलन्स होती, देवळामागं उभी असायची. ड्रायव्हर केरबा शिंत्रे. भला माणूस! रोज गाडी धुवायचा, हार घालायचा. एकदा गाडी चार दिवस जागची हलली नव्हती, आणि सकाळी सखारामतात्यांच्या छातीत कळ आली. केरबानं किल्ली फिरवली – कट्-कट्! पुन्हा – कट्! बॅटरी बसलेली. गावानं धक्का मारला, गाडी निघाली, पण अर्धा तास गेला होता. तात्या वाटेतच गेले हो! डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

केरबानं सगळा दोष बॅटरीला दिला. त्यानं नवी बॅटरी बसवली. गाडी पुन्हा चार दिवस उभी राहिली – आणि नवीही बसली! तेव्हा त्यानं दस्तगीर मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीनं पहिलं काय विचारलं? "केरबादादा, गाडीत जादा काही जोडलंय?"

"नाही बा!"

खोटं नव्हता बोलत! त्याला खरंच तसं वाटत होतं.

मिस्त्रीनं बॅटरी चार्ज केली. मग गाडी बंद, दारं बंद, किल्ली खिशात. बॅटरीची एक वायर सोडवून मधे मीटर जोडला. बंद गाडी, तरी अर्धा अँपिअर करंट चाललाय! कोण पितंय? त्यानं एकेक फ्यूज काढला. दिव्याचा काढला, हॉर्नचा काढला, सगळे काढले. मीटरचा काटा अर्ध्यावरून हलेना!

"म्हणजे फ्यूजबॉक्स सोडून कुणीतरी थेट बॅटरीवर बसलंय," मिस्त्री म्हणाला, आणि वाकला. एक लाल वायर सीटखाली गेली होती. "ही कशाची?"

केरबानं सीट उचलली. सीटखाली नामजपाचा डबा होता! पोरगी तापातून उठली म्हणून त्यानं सव्वा महिना अखंड नामाचा नवस बोललेला. किल्ली काढली तर नाम तुटेल, म्हणून वायर थेट जोडली. पेशंटला त्रास नको म्हणून आवाज पार बारीक केला. ऐकणारं कुणी नाही, आणि डबा आपला रात्रंदिवस चालू! 'जादा' म्हटल्यावर देव कसा आठवेल, मंडळी? देवाला कुणी जादा म्हणतं का?

मिस्त्रीनं हात मागं घेतला. "हे मी तोडणार नाही. नवस तुमचा, हातही तुमचाच लागू दे."

नऊ दिवस उरले होते. केरबानं डोळे मिटले, आणि वायर उपटली. काटा शून्याशी आला.

मिस्त्री हळूच म्हणाला, "कुणाला सांगणार नाही मी." सुटला असता की हो! पण केरबा उठला, तात्यांच्या घरी गेला, तात्यांच्या बायकोपुढं, काकूंसमोर बसला.

"काकू, गाडी माझ्यामुळं बंद पडली. माझ्या नवसामुळं."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "आता सुरू होते का?"

"होते."

"मग इथं रडत बसू नकोस. जा, गाडीपाशी थांब."

माफ केलं का काकूंनी? मला ठाऊक नाही. केरबालाही नाही. तो मात्र त्या दिवसापासून रोज सकाळी गाडी सुरू करून बघतो, आणि मगच हात जोडतो.

मंडळी, आता माना खाली का? आपल्या भक्तीपायी, आपल्या हट्टापायी कुणाचं नुकसान झालं, हे ज्याचं त्याला माहीत आहे. नाव मी घेणार नाही. आरतीला अजून वेळ आहे, प्रसाद कुठं पळत नाही. ज्याला ज्या दारात जायचंय, त्यानं आधी तिथं जाऊन यावं. आम्ही थांबतो.