कॅमशाफ्ट मी घासला होता

माहं गाव तेल्हाऱ्याच्या बाजूचं, बाप जिनिंगात कापसाच्या गठानी उचले, अन् मी चौथीतून शाळा सोडली, काहून सोडली ते नका विचारू, मोठं कारन काई नोतं, मले लोखंडच आवडे. अकोल्यात एका उस्तादाच्या वर्कशॉपात लागलो, बिऱ्हाडही तिथंच केलं. उस्ताद मुसलमान, त्यानं जात विचारली नाई, फक्त हात दाखव मने, हात पाहले अन् मनला, चालते.

काय सांगू तुमाले, साहेब लोकाईनं टाकून देलेल्या इंग्रजी मोटारी तवा वऱ्हाडात टॅक्सी मनून चालत, इंजन बुढं झालेलं, चढावर धापा टाके. उस्ताद त्याईचा कॅमशाफ्ट घासून देये. कॅमशाफ्ट मंजे इंजनातला तो दांडा, त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे राहतात, ते फिरतात तसे वाल, मंजे इंजनाच्या झडपा, उघडतात. अंड्याची गोल बाजू घासून बारीक केली का टोक त्या मानानं उंच होते, वाल जास्त उघडते, अन् मोटार चढावर पयते. पन वाल जास्त उतरलं तं वर येनाऱ्या पिस्टनले भिडते. मनून उस्तादाचा कायदा होता, पिस्टनच्या डोक्यावर कनकीचा गोया ठेवाचा, वरून हेड, मंजे इंजनाचं झाकन, बसवाचं, इंजन हातानं फिरवाचं, मंग खोलून पाहाचं का वालाच्या ठशाखाली कनिक किती जाड राहिली. जुन्या रुपयाएवढी राहिली तं पास. मी हसो, मनो, उस्ताद, रोट्या करता का इंजन. तो मने, बेटा, हाथ झूठ बोलता, आटा नहीं बोलता.

माही थोरली बहीन, तिले आमी बाई मनो, अमरावतीले देली होती. भाटवा नामदेव, सोताची टॅक्सी चालवे, अमरावतीहून चिखलदरा, कधी सेमाडोह. हसरा मानूस, सुपारीचं खांडही खात नसे. एक दिवस मोटार घेऊन अकोल्याले आला, मनला, घाटात सवाऱ्या उतरून ढकलतात, लाज वाटते, काई कर. उस्ताद लग्नाले बुऱ्हानपूरले गेला होता. मी मनलं, भाऊजी, उस्तादाले येऊ द्या. तो मने, परवाची सवारी ठरली हाये, अन् तू काय कमी हायेस का. झालं, चढलो मी हरभऱ्याच्या झाडावर.

कॅमशाफ्ट चांगला घासला, आजही मनन का चांगला घासला. राहिला कनकीचा गोया. आमच्या घरी गहू सनालेच दिसे. समोर हॉटेल होतं, तिथं कनिक भिजवलेलीच राहे, पन त्या हॉटेलात आमचा कप वेगया, बाहेर उभं राहून घ्या लागे. दीक्षा घेऊन वरीसही झालं नोतं, मी ठरवलं होतं का याच्या दारात आता उभं राहाचं नाई. भाऊजी मनले, मी आनतो. मी मनलं, तुमीही नाई जाचं. घरून ज्वारीचं पीठ आनलं अन् गरम पान्यात भिजवलं. बायामानसाईले विचारा, ज्वारीले चिकटपना नसते, भाकर थापतानीच कड फाटते. हेड खोललं तं गोया तडकलेला, ठशाच्या जागी भुगा. मी मनलं, वालाखाली जागा असन. असन मनलं मी, हाये नाई मनलं.

दोन खेपा मोटार घाटात अशी पयाली का भाऊजीनं चिठ्ठी धाडली, तुहा हात सोन्याचा. तिसऱ्या खेपेले सवाऱ्या वर सोडून रिकामा उतरून राहिला होता. उतारावर मोटार गिअरात ठेवतात, इंजन लय जोरात फिरते, वाल येळेवर मिटत नाई. वाल पिस्टनवर आदयलं, तुटलं, इंजन जाम झालं, मागची चाकं जागीच धरली, अन् मोटार मोडावरून घसरून दरीत गेली.

इंजन खोलाले मीच गेलो. पिस्टनवर वालाचा मार उमटला होता, नखाएवढा. मी तो पिस्टन फडक्यात बांधला अन् कोनाले बोललो नाई.

भाऊजीच्या पुन्यानुमोदनाले सारे जमले तं कोनी मने ब्रेक गेला असन, कोनी मने दारू पेला असन. पेला असन मनल्यावर मले राहावलं नाई. उठून मनलं, बाई, त्याचा दोष नाई, कॅमशाफ्ट मी घासला होता. अन् हॉटेलात काहून नाई गेलो तेही सांगितलं. एक बुढा मनला, नाई गेला ते बरोबरच केलं पोरा. बाई माह्याकडं पाहून मनली, मान तुही राहिली, मानूस माहा गेला. माह्यासंगं तिचं ते शेवटचं बोलनं.

तिच्या सासरी कोनी नोतं, लेकरू घेऊन माह्याच घरी आली, जानार कुठं. कॅमशाफ्टले मी पुन्हा हात लावला नाई, लेथवर बोल्ट-बुशा कातल्या, भाचीले शिकवलं, ते आता सरकारी दवाखान्यात नर्स हाये. माही बायको गेली, घरात आमी दोघंच बुढे. बाई ताट वाढते, माह्यासमोर ठेवते, अन् आत जाते. ताप आला तं डोक्यावर पट्टी ठेवते, पन तोंडातून शब्द नाई. भाची मनते, मामा, माफी मागून टाका. मी कोन्त्या तोंडानं मागू, अन् समजा तिनं देली, तं मंग? भाऊजीले इसरून गेले सारे, त्याचा फोटोही नाई घरात. बाईचा राग हाये तवर तो हाये. तिले लय आयुष्य मियो, माह्याहून जास्त, अन् राग तिचा असाच राहो. एवढं लिहून घ्या.